मामाची फाइल कुणाच्या बापाची?

मंडळी, मागच्या शनिवारी आमच्या ऑफिसातली टोळी कर्जतला आली होती. मी मूळचा तिथलाच, त्यामुळे ते वीकेंडला आले होते आणि मी घरी गेलो होतो, एवढाच काय तो फरक. कडावच्या पुढे एक फार्महाउस भाड्यानं घेतलेलं. पोहायचा तलाव, मोठं अंगण, आणि पुढे तीन मिलिमीटरच्या पत्र्यात वेलबुट्टी कापलेलं लोखंडी गेट. आठ इंजिनियर त्या गेटमधून आत गेले, एकानंही त्याच्याकडे बघितलं नाही. मी बघितलं, कारण मला तसं गेट बघितलं की पोटात गोळा येतो. का ते पुढे सांगतो.

जेवताना एकानं विषय काढला. त्याच्या सासऱ्यांनी अंबरनाथला सीएनसी राऊटर घेतलाय. डिझाइनच्या फाइली बाहेरून येतात, त्या दुरुस्त कराव्या लागतात, तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? प्रश्न साधा. दोन मिनिटांत उत्तरांचा पाऊस. एक म्हणाला कोरलड्रॉ, सगळे तेच वापरतात. दुसरा म्हणाला ऑटोकॅड, आपण कॉलेजात शिकलोच की. तिसऱ्यानं फ्यूजनचं नाव घेतलं, कारण त्यानं यूट्यूबवर बघितलं होतं. आणि चौथा, जो ऑफिसात सिक्युरिटीच्या टीममध्ये आहे (हो, सिक्युरिटीच्याच!), तो म्हणाला, "विकत कशाला घेतोस यार, मी लिंक देतो, क्रॅकसकट."

सगळे हसले. मी नाही हसलो. कारण २०१८ साली हेच उत्तर मी माझ्या मामाला दिलं होतं, आणि त्याची किंमत मामानं मोजली. मी नाही.

मामाचं खोपोलीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पूर्वी ग्रिल, शेड, जिने, रेलिंग अशी कामं. मग कर्जत-खालापूर पट्ट्यात मुंबईकरांचे बंगले उभे राहिले आणि प्रत्येकाला गेटवर नक्षी हवी झाली. कुणाला मोर, कुणाला वेल, कुणाला "मातृछाया". हे हातानं कापणं शक्य नव्हतं. २०१८ मध्ये मामानं कर्ज काढून आठ बाय चारचं प्लाझ्मा टेबल घेतलं. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली, गणपतीच्या मखरांसाठी एमडीएफची मागणी सुरू झाली, तेव्हा पुढे एक छोटा राऊटरही आला.

मी तेव्हा इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. घरातला "कॉम्प्युटरवाला". मामा म्हणाला, "भाचेबुवा, सॉफ्टवेअरचं काय ते तू बघ." मी बघितलं म्हणजे काय केलं, तर होस्टेलवरच्या एका मित्राकडून पेन ड्राइव्ह आणला, एक नावाजलेला प्रोग्राम क्रॅक करून टाकला आणि मामीच्या हातचे मोदक खाऊन परत गेलो. प्रोग्रामचं नाव घेत नाही. दोष त्याचा नव्हता, माझा होता. मामाला मी एक शब्दही सांगितला नाही, की ह्या फाइली फक्त ह्याच प्रोग्राममध्ये उघडतात. मला स्वतःलाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

सहा वर्षं सगळं झकास चाललं. मग पावसाळ्यात एक दिवस वीज ये-जा करता करता कॉम्प्युटर गेला. घाबरायचं कारण नव्हतं, मामाचा कामगार पोरगा हुशार, फाइली दर आठवड्याला पेन ड्राइव्हवर घ्यायचा. साडेतीनशेच्या वर डिझाइनं. नवा कॉम्प्युटर आला, नवं विंडोज आलं, फाइली सगळ्या जागेवर, आणि एकही उघडेना. जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेना, क्रॅक अँटिव्हायरस उडवून टाकी, आणि नवी आवृत्ती फक्त भाड्यानं मिळते.

नेमकं त्याच आठवड्यात एका जुन्या गिऱ्हाइकाच्या गेटला टेम्पो धडकला. दोन झडपांपैकी एक पार वाकली. "तशीच दुसरी करून द्या." मशीनवरची जी-कोडची फाइल नव्हती, कारण जॉब झाला की पोरगा ती उडवून टाकायचा, चुकून जुनी चालू नये म्हणून. (बरोबरच करायचा.) शेवटी गेटचा फोटो काढून त्यावरून डिझाइन परत रेखाटलं. झडप कापली, लावली. आणि मधोमध, जिथं दोन्ही झडपांची वेल एकमेकींना मिळायला हवी, तिथं बोटभर फरक. गिऱ्हाइकानं घेतली नाही. त्याचंही काही चुकलं नाही.

मामानं स्वतःच्या खर्चानं दोन्ही झडपा नव्यानं केल्या. तीन मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक पत्रा साधारण सत्तर किलो भरतो. फसलेल्या झडपेचा एक, नव्या दोन झडपांचे दोन, म्हणजे दोनशे दहा किलो पत्रा, वर वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंग, टेम्पोचं भाडं. मामा मला एका शब्दानं बोलला नाही. चहा मागवला आणि म्हणाला, "असू दे रे, मशीन म्हटलं की होतंच." मशीनमुळे झालं नव्हतं. ते मला माहीत होतं आणि बहुतेक त्यालाही.

तर मंडळी, "सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" हा प्रश्नच चुकीचा आहे असं माझं ठाम मत झालंय. खरा प्रश्न हा आहे की काम झाल्यावर फाइल कुणाची? मामानं काढलेली वेल, मामाच्या पत्र्यावर, मामाच्या मशीननं कापलेली, आणि ती उघडायची किल्ली मात्र तिसऱ्याच्याच खिशात. वर ती किल्लीसुद्धा मी चोरून आणलेली!

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, सोपं आहे.

प्लाझ्मा असो, लेझर असो की राऊटर, मशीनला चित्र कळत नाही. त्याला फक्त जी-कोड कळतो: इथून तिथे जा, ह्या वेगानं जा, इथे कापायला सुरू कर. संख्यांनी मशीन चालवायची ही कल्पना जुनी आहे, एमआयटीनं १९५२ मध्ये तसं मिलिंग मशीन चालवून दाखवलं होतं. जी-कोड तयार करण्याआधी लागते ती रेषांची फाइल. आपल्याकडे ती बहुतेक वेळा डीएक्सएफ असते. हे डीएक्सएफ १९८२ साली ऑटोकॅडसोबतच आलं. त्याचा नेहमीचा प्रकार म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. रचना जाहीर आहे, म्हणून जगातला जवळजवळ प्रत्येक कटिंगवाला ते वाचतो. दुसरा प्रकार एसव्हीजी, २००१ पासूनचं खुलं मानक. आपलं डिझाइन ह्या दोन्हींपैकी एकात असेल तर प्रोग्राम कुठलाही जावो, कंपनी बुडो, फाइल आपली राहते.

आणि "एडिटिंग" म्हणजे तरी काय करायचं असतं? ऑफिसातल्या मंडळींना वाटतं की नक्षी काढायची असते. नक्षी तर बाहेरून येते, आर्किटेक्ट पाठवतो, गिऱ्हाइक व्हॉट्सॅपवर टाकतं. वर्कशॉपमधलं काम म्हणजे दुरुस्ती, आणि चुका नेहमी त्याच त्याच असतात.

एक, रेषेवर रेष. एकच कड दोनदा काढलेली. पडद्यावर दिसत नाही, पण टॉर्च त्याच कापातून दुसऱ्यांदा फिरतो आणि कड जळते. दोन, उघडी टोकं. आकार पूर्ण वाटतो पण कुठंतरी केसाएवढी फट असते, मग मशीनला आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते कळत नाही. हे कळणं का महत्त्वाचं, तर प्लाझ्माचा काप स्वतःच दीड-दोन मिलिमीटर रुंद असतो, तेवढा टॉर्च रेषेच्या बाहेरून किंवा आतून न्यावा लागतो. तीन, तुकडे. एक गोलाई हजार चिमुकल्या सरळ रेषांमध्ये मोडलेली. मशीन प्रत्येक तुकड्याला अडखळतं, अडखळलं की उष्णता साचते, आणि पाकळीच्या जागी फोड येतो. चार, माप. डीएक्सएफमध्ये १००० म्हणजे नुसताच १०००. एकक लिहायची सोय आहे, पण पुष्कळ प्रोग्राम तिकडे बघतच नाहीत. इंच आणि मिलिमीटरच्या घोळात २५.४ पटींचा फरक पडतो, तो निदान लगेच दिसतो. खरी फसवणूक छोट्या फरकात असते.

आणि पाचवी, जी कुठल्याच विलायती पुस्तकात सापडणार नाही, ती म्हणजे आपली शिरोरेषा. "मातृछाया" टाइप केलं आणि अक्षरांच्या बाह्यरेषा केल्या, की प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येतं आणि त्या एकमेकांवर चढलेल्या असतात. डोळ्याला एकसंध दिसतं. मशीनला मात्र प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी, ते इमानदारीत सगळ्या कापतं आणि शब्द अक्षरं सुटून टेबलाखाली पडतो. आधी सगळी अक्षरं जोडून एक आकार करावा लागतो. अनुस्वाराचं टिंब तर कशालाच चिकटलेलं नसतं, त्याला बारीक पूल द्यावा लागतो. मामाकडे एकदा एका "आनंद"चा "आनद" झाला होता :) टिंब भंगारात झाडून गेलं होतं.

आता मला सांगा, ह्या पाच कामांसाठी वर्षाला हजारो रुपये भाडं किंवा चोरीचा माल लागतो का?

नाही लागत. इंकस्केप २००३ पासून आहे, फुकट आहे, खुलं आहे. नक्षी आणि अक्षरं ह्यासाठी उत्तम. युनिकोड देवनागरी नीट जोडाक्षरांसकट दिसते, मुंबईच्या एक टाइपनं केलेल्या मुक्तासारखे फॉन्ट मोफत मिळतात. ऑब्जेक्ट टू पाथ, मग युनियन, झाली शिरोरेषा एक. जुन्या फॉन्टांचा तो त्रास, की इथं "श्री गणेश" लिहिलं आणि दुसऱ्या मशीनवर उघडलं तर इंग्रजी अक्षरांची खिचडी, तो संपला. मापाच्या कामाला, म्हणजे भोकं, फ्लँज, बेस प्लेट, लिब्रेकॅड आहे. ते थेट डीएक्सएफमध्येच काम करतं, वेगळा स्वतःचा फॉरमॅटच नाही. सुटे तुकडे जोडून एक सलग रेष करायची सोयही त्यात आहे. आणि तिन्ही मिती लागल्याच तर फ्रीकॅड, ज्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली.

मी ह्यांचा भक्त नाही, खोड्याही सांगतो. इंकस्केपमध्ये वर्तुळ हे खरं वर्तुळ म्हणून बाहेर पडत नाही, वक्ररेषा किंवा तुकडे होऊन जातं, म्हणून बोल्टची भोकं त्यात काढू नयेत. २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीत त्यांनी इंचाला ९० चे ९६ ठिपके केले. कारण योग्य होतं, पण मापं ठिपक्यांत असलेली जुनी फाइल बेसावधपणे उघडली तर ९०० मिलिमीटरची चौकट ८४३.७५ होते. मघाशी म्हणालो तो छोटा फरक हाच. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे: प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन. फाइल उघडली की आधी तो मोजायचा, मग बाकीचं. कुठल्याही प्रोग्रामपेक्षा ह्या चौकोनानं जास्त पत्रा वाचवलाय.

आता विरोधी पक्षाचं ऐकू.

"सगळे तेच वापरतात." मान्य. पण सगळे का वापरतात? कारण सगळ्यांकडे चोरीचं आहे. बाजारभावानं विकत घ्यायची वेळ आली असती तर खोपोलीपासून पनवेलपर्यंत किती जणांनी घेतलं असतं? फुकटात मिळतंय म्हणून महागडं सॉफ्टवेअर स्वस्त वाटतं, आणि खरोखर फुकट असलेलं हलकं वाटतं. चोरीनं त्या कंपन्यांचं नुकसान होतं की नाही ते त्या बघतील. त्यांच्या फॉरमॅटची सवय मात्र चोरीनंच गावोगाव पोचली, आणि त्या सवयीचे पैसे आता भाड्यानं वसूल होतायत.

"पकडतंय कोण?" कॉपीराइट कायद्याचं कलम ६३-ब वाचा. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट सूट देऊ शकतं, पण वर्कशॉप म्हणजे धंदाच. प्रत्यक्षात पोलीस येणार नाहीत हेही खरं धरून चालू. पण त्याच कॉम्प्युटरवर मामाचं जीएसटी रिटर्न भरलं जातं, त्याच कॉम्प्युटरवर बँकेचं लॉगिन आहे. अनोळखी माणसानं बनवलेला क्रॅक चालवायला अँटिव्हायरस बंद करायचा, म्हणजे दुकानाचं शटर उघडं टाकून गल्ला टेबलावर ठेवायचा. ऑफिसात कुणी हे केलं तर आपण त्याला नोकरीवरून काढू. मामाच्या बाबतीत आपणच करतो.

"पैसे देऊन कायदेशीर घेतलं तर?" जरूर घ्या, पण काय घेताय ते बघून. आर्टकॅम आठवतंय? लाकडावरच्या कोरीव कामात त्याचं मोठं नाव. मूळ डेलकॅमचं. २०१४ मध्ये डेलकॅम ऑटोडेस्कनं घेतली, आणि २०१८ मध्ये आर्टकॅम बंद केलं. नशीब, दुसऱ्या एका कंपनीनं हक्क घेऊन कारवेको नावानं ते पुढे चालू ठेवलं. ऑटोडेस्कनंच २०१६ मध्ये कायमचे परवाने विकणं थांबवलं, त्यानंतर फक्त भाडं. २०२० मध्ये फ्यूजनच्या मोफत वैयक्तिक आवृत्तीवर मर्यादा आल्या: एका वेळी दहाच फाइली बदलता येतील, आणि कापत नसताना मशीन जी जलद धाव घेतं तीही काढून टाकली. त्यांचा माल, त्यांचा हक्क, माझी तक्रार नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे, की दुसऱ्याच्या अंगणात घर बांधतो आणि अंगणवाल्यानं दार लावलं की रडतो.

"मोफत सॉफ्टवेअर शिकायला वेळ लागतो." हा आक्षेप खरा आहे, आणि ह्याला मी उडवून लावणार नाही. मामाचा पोरगा तीन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. "दादा, जुन्यात हे एका क्लिकमध्ये व्हायचं." पूर्वी अर्ध्या दिवसात होणारं गेट पहिल्यांदा दीड दिवस चाललं. ऐन कामात हे परवडत नाही, म्हणून बदल करायचा तर हंगाम बघून करावा, गणपतीच्या आधी तर मुळीच नाही. पण शिकायची सोय आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात इंकस्केपचे धडे मराठी आवाजातही आहेत. पोरगा खोपोलीहून कर्जतच्या गाडीत ते ऐकत जायचा. मी शिकवलं असतं त्यापेक्षा ते बरंच झालं, माझ्यात तेवढा धीर नाही.

आणि एक आक्षेप तर मी पूर्णच मान्य करतो. लाकडावर उठावाचं कोरीव काम, देव्हाऱ्याचे खांब, मूर्ती, असं असेल तर मोफत साधनं अजून तोकडी पडतात. रोज पंधरा-वीस पत्रे कापत असाल तर पत्र्यावर तुकडे दाटीवाटीनं बसवणारा चांगला प्रोग्राम आपली किंमत भंगारातूनच वसूल करून देतो. तिथे पैसे द्या, बिल घ्या. क्यूकॅडची व्यावसायिक आवृत्ती बघा, रेषेवरची रेष शोधून देते, एकदा पैसे भरले की प्रत आपली राहते. विकत घेण्याला माझा विरोध नाही. न विचारता अडकण्याला आहे.

म्हणून त्या मित्राला मी नाव सांगितलं नाही, चार प्रश्न सांगितले. सासऱ्यांनी विक्रेत्यासमोर बसून विचारायचे.

१. माझी फाइल डीएक्सएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढून दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून दाखवा. आत्ता, माझ्यासमोर. वर्तुळाचं वर्तुळ राहिलं का, माप तेच आलं का?

२. हप्ता थकला, किंवा पावसात चार दिवस नेट नसलं, तर माझ्या जुन्या फाइली उघडतील का?

३. काम करणारा पोरगा उद्या सोडून गेला तर दुसरा कुठं आणि कुठल्या भाषेत शिकेल?

४. रेषेवरची रेष, उघडी टोकं, तुकडे, माप आणि शिरोरेषा, ह्या पाच गोष्टी करून दाखवा. नक्षीचा डेमो नको.

चारही उत्तरं धड आली तर खुशाल घ्या, मग ते कुठल्याही देशातलं आणि कितीही किमतीचं असो. पहिल्याच प्रश्नाला विक्रेता "त्याची गरजच काय?" म्हणाला, तर चहा पिऊन उठा.

मामाच्या त्या साडेतीनशे फाइलींचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. गेट भंगारात गेल्यावर मला शहाणपण सुचलं. त्या प्रोग्रामचं एक महिन्याचं भाडं माझ्या कार्डावरून भरलं, चार वीकेंड खोपोलीला जाऊन बसलो आणि एकेक फाइल डीएक्सएफमध्ये काढली. चाळीसेक धड निघाल्या नाहीत, त्यात एक मामानं स्वतः काढलेला मोर होता, आजोळच्या दारावर आहे तो. बाकीच्या निघाल्या. आपल्याच घरात शिरायला भाडं, पण सुटलो एकदाचे. हे मी पहिल्याच दिवशी केलं असतं तर ती झडप वाचली असती. सुचलं नाही, कारण मी तीन रात्री नवा क्रॅक शोधण्यात घालवल्या. सवय!

आपल्यातल्या प्रत्येकाचा असा एखादा मामा, काका, सासरा आहे. तो आपल्याला विचारतो कारण त्याला वाटतं की ह्याला कळतं. ऑफिसात आपण परदेशी गिऱ्हाइकाला "डेटा तुमचा, कधीही काढून न्या" असं लिहून देतो, परवान्याचा एक आकडा चुकला तर घाम फुटतो. आणि घरच्या माणसाला पेन ड्राइव्ह देऊन मोदक खाऊन येतो. पगाराचं काम नीट आणि नात्याचं काम उरकून. हे मला लागलं, म्हणून एवढं लिहिलं.

पुढच्या वीकेंडला कर्जतला पोहायला याल तेव्हा गेटपाशी मिनिटभर थांबा. आणि त्याआधी एक काम करा. तुम्ही ज्याला कधीकाळी सॉफ्टवेअर टाकून दिलंय त्याच्याकडे जा, त्याची सगळ्यात जुनी फाइल मागा, आणि तुमच्या लॅपटॉपवर उघडून बघा.

उघडली तर उत्तम. नाही उघडली, तर रविवार मोकळा ठेवा.